वन्संनी छप्पर उचललं

३ फेब्रुवारी
वन्सं आल्या! दोन बॅगा आणि एक हेल्मेट. आमच्या जुन्या स्टेशनच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे, म्हणून मुक्काम आमच्याकडे. माझी तिकीटखिडकी तिथेच – म्हणजे घरी नणंद, कामावरही नणंद! हे म्हणाले, "ताईपुढे कोणाचं चाललंय?"

११ फेब्रुवारी
वन्सं आणि स्टेशनमास्तर रोज भांडतात. मास्तर विधुर, जरा तुसडेच. "काम होईपर्यंत स्टेशन बंद ठेवा. माझ्या प्रवाशाच्या डोक्यात वीट पडली तर?"
"बंद पडलेलं स्टेशन पुन्हा उघडत नाही, मास्तर. लोक बसची सवय लावून घेतात."
अर्धा फलाट पत्र्याआड, अर्ध्यावर गाड्या. माझी खिडकी गेली पार्सलच्या खोलीत. नाकातोंडात चुना! पण एक गाडी चुकलेली नाही. मानलं बाई!

२ मार्च
गंज खरवडताना छपराच्या मधल्या खांबाला तडा दिसला. जुना ओतीव लोखंडी खांब. रात्री घरी वन्सं जेवल्या नाहीत.
"अहो, दोन घास तरी –"
"अगं, आता वरचे लोक स्टेशन बंदच करतील. त्याआधी खांब बदलायला हवा."

३ मार्च
खांबाभोवती टेकू लागले. वन्संचा आवाज बसलाय. तरी बोलतातच.

९ मार्च
आज झालं! दुपारची गाडी गेली आणि फलाट रिकामा केला. छप्पर जॅकवर तोलायचं, तडकलेला खांब काढून नवा उभा करायचा. छप्पर करकरलं तसे आम्ही सगळे मागे सरलो. वन्सं तिथेच, डोळे जॅकवर. आणि मास्तर – इतके दिवस आरडाओरडा करणारे – सरळ चालत जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले!
"अहो, मागे व्हा!"
"तुम्ही होताय का? मग मीही नाही."
वन्संनी एक हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं.
छप्पर बोटभर उचललं. जुना खांब सुटला, नवा बसला. संध्याकाळची गाडी वेळेवर आली. उतरणाऱ्या एकानेही वर पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. वन्सं म्हणाल्या, "वेडी आहेस. लोकांना कळलंच नाही, म्हणजे काम चोख झालं." केवढी बाई आहे ही!

१७ मार्च
"रविवारी सुट्टी टाक," वन्सं म्हणाल्या.
"का हो?"
"माझं लग्न आहे."
"कोणाशी?"
"अगं, महिनाभर भांडतेय कोणाशी?"
बावन्नाव्या वर्षी वन्सं चक्क लाजल्या!