तीन गैरहजेऱ्या

४ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद, आणि थोडी थट्टाही.

तुझ्या आरोग्य खात्याचं परिपत्रक काल आमच्या दवाखान्यात पोचलं. ‘जबाबदार रुग्ण योजना’. सही मोठ्या साहेबांची असली तरी मजकूर तुझा, हे मी पहिल्याच ओळीत ओळखलं. ‘यथोचित’ हा शब्द तू शाळेपासून वापरतोस आणि शाळेपासून चुकीच्या जागी वापरतोस.

पण खरं सांगते, मला योजना पटली. सव्वीस वर्षं मी नर्स आहे. लोक गोळ्या नेतात, डब्यात ठेवतात आणि विसरतात. मग पाय काळा पडला की खापर आमच्या डोक्यावर. आता मधुमेहाच्या माणसानं महिन्याच्या ठरल्या तारखेला तपासणीला यायचं; तीनदा चुकला की मोठ्या इस्पितळातल्या मोफत शस्त्रक्रियेसाठी त्याचं नाव मागच्या यादीत. कुणीतरी कान पिळायलाच हवा होता. औषध सरकारनं द्यावं, पण गिळायचंही सरकारनंच का?

आपल्या अण्णालाही साखर आहे, त्याचं योजनेचं कार्ड मीच काढलं. तो म्हणाला की आईनं एक लेकरू नियम लिहायला घातलं, एक नियम राबवायला, आणि मधलं बिचारं सोसायला. वहिनी हसली, मीही हसले.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो कागदावरही दिसू दे.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

‘यथोचित’ पुढच्या वेळी गाळतो. तुला योजना पटली हे वाचून बरं वाटलं, आणि खरं म्हणजे थोडं टोचलंही. माझ्या मसुद्यात आणखी एक कलम होतं: दवाखाना बंद असेल किंवा मालकानं रजा दिली नसेल, तर ती गैरहजेरी धरू नये. साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले की ही पळवाट आहे, पाऊस पडला तरी लोक रजा मिळाली नाही म्हणतील. माझ्या बढतीचा कागद त्याच टेबलावर पडलेला होता. मी मान डोलावली आणि फाईल उचलली.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. अण्णाला तारखा पाळायला सांग. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर दहा-दहा तास उभा राहतो, जेवणाला ना वेळ ना काळ.

तुझ्या रागावण्याच्या प्रतीक्षेत,
धाकटा

२२ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अण्णाच्या दोन तारखा चुकल्या, मार्चची आणि मेची. मी घरी जाऊन चांगली हजेरी घेतली. तो म्हणाला की भट्टी पेटलेली असताना मुकादम पाणी प्यायला सोडत नाही, तिथं तपासणीला कुठला सोडतोय. त्यांच्या भागातला दवाखाना बंद करून इकडे जोडल्यापासून त्याला यायला दोन बसही बदलाव्या लागतात. मी म्हटलं, जीव तुझा आहे, मुकादमाचा नाही.

रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा ‘गैरहजर’ लिहिलं. पेन हातात धरून जरा थांबले होते. पण भावाला सूट दिली तर ज्या म्हातारीला मी महिन्याभरापूर्वी झापलं, तिला कोणतं तोंड दाखवू?

तूही त्याला एक पत्र लिही. माझं बोलणं त्याच्या कानाला सवयीचं झालंय.
ताई

१५ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद. घाईत लिहिते आहे.

अण्णाच्या बुटात तापलेल्या काचेची कपची गेली. साखरेनं पाय बधिर झालेले, त्याला कळलंच नाही. तीन दिवसांनी मोजा काढताना कातडी मोज्याबरोबर आली, तेव्हा वहिनीनं मला बोलावलं. जखम पाहून मी त्याला तसंच रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. इस्पितळातले सर्जन म्हणाले की पायाची रक्तवाहिनी महिन्याभरात मोकळी केली तर पाय वाचेल. पण कार्डावर तीन गैरहजेऱ्या आहेत, तिसरी सतरा जूनची. नाव मागच्या यादीत गेलंय, दोनशे चौदावं.

मी आयुष्यात तुझ्याकडे शब्द टाकलेला नाही. आज टाकते.
ताई

२३ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडताच साहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं की नियम लिहिणाऱ्याच्याच भावाला नियम नको असेल, तर तो कुणाला लावायचा? लाल रेघेखालचं कलम मला तोंडपाठ होतं, पण मार्चची आणि मेची रजा नाकारल्याचा कागद अण्णाकडे नाही. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी निदान बसायला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या की एक जरी गैरहजेरी खोटी ठरली तर अपील करता येतं. ताई, आठवून बघ, एखादी तारीख?

धाकटा

२ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र अण्णाचं, अक्षरावर जाऊ नकोस, पडल्या पडल्या लिहितोय. खिडकीशेजारची खाट मिळाली आहे. शेजारी एक सुतार आहे, तो मला विचारतो की तुझा भाऊ मोठा साहेब ना? मी म्हणतो, हो, म्हणूनच तर दोनशे चौदावा आहे, नाहीतर तीनशेवा असतो.

ताई तारखा आठवते आहे म्हणे. तिला आठवू देऊ नकोस. सतरा जूनला मी गेलो होतो. मुकादमाशी भांडून अर्धा दिवस काढला, दोन बस बदलल्या. दवाखान्याला कुलूप होतं. पाऊण तास पायरीवर बसलो, आणखी तिघं-चौघं होते, मग परत आलो. ती बिचारी कुठेतरी कामालाच गेली असणार. हे बाहेर आलं तर तिची नोकरी जाईल. पेन्शनला चार वर्षं उरलीत.

माझंही चुकलंय रे. विडी सोडली नाही, गोड सोडलं नाही. दोष वाटून घ्यायचाच असेल तर माझा वाटा कमी करू नका. ताईला यातलं काही बोलू नकोस, तुला माझी शपथ.

तुझा अण्णा

६ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही. अण्णाला जाऊन आठ दिवस झाले. आधी पाय गुडघ्याखाली कापला, मग गुडघ्यावर, मग रक्तातच विष. तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतीस. मी पोचलो तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती.

सोबत त्याचं दोन ऑगस्टचं पत्र ठेवतो. मी शपथ मोडतो आहे. खरं तर आधीच मोडली होती, पण उशिरा. ते मिळाल्यावर चार दिवस मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. तुझी नोकरी, त्याची शपथ, असं स्वतःला सांगत होतो. त्यात माझी बढतीही होती, ते मात्र सांगत नव्हतो. पाचव्या दिवशी अपील केलं. काल निकाल आला: सतरा जूनची गैरहजेरी रद्द, रुग्णाचं नाव पहिल्या यादीत घेण्यात येत आहे.

ते चार दिवस मी घालवले नसते तर पाय वाचला असता का, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले की असं विचारू नका.

धाकटा

१४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

तुझ्या पत्रातली अर्धी बातमी मला नवी नव्हती. सतरा जूनला दवाखाना बंद होता, कारण मला मुख्य कार्यालयात तुझ्याच योजनेच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर भरायला बसले. रकाने दोनच, हजर आणि गैरहजर. फोन करून विचारलं, तर रकाना रिकामा ठेवायचा नाही असं उत्तर आलं. अकरा नावं होती. अकराही जणांपुढे मी ‘गैरहजर’ लिहिलं. अण्णाचं सातवं. मनाची समजूत घातली की आला नसेलच, त्याला कुठे सवय आहे. तू तारीख विचारलीस तेव्हा मला आठवत होतं. आज सांगते, उद्या सांगते म्हणता म्हणता मी त्याचं ड्रेसिंग करत राहिले.

परवा अकरा नावांनिशी लेखी जबाब दिला. कालपासून निलंबित आहे. उरलेल्या दहा घरी जाऊन आले. एका बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया याच कारणानं मागे गेली होती, त्यांचं अपील मी तिथंच बसून लिहिलं. तू ते कलम परत मांड. तुझ्या सहीनं मांड, साहेबांच्या नाही. बढती गेली तर जाऊ दे.

मग वहिनीकडे गेले आणि सगळं सांगितलं, तुझे चार दिवसही. ती भांडी घासत होती. हात न थांबवता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली की त्यांनी माझ्याकडूनही वचन घेतलं होतं, ताईंना बोलायचं नाही म्हणून. तुम्ही दोघं भावंडं कुणाकुणाला घाबरलात ते कळलं. ते मात्र तुमच्याचसाठी घाबरत होते. मग नळ बंद करून म्हणाली की सध्या काही दिवस या घरी येऊ नका.

मी जिना उतरले.

लोभ ठेव असं लिहायची हिंमत नाही. कलम मांडलंस की तेवढं कळव.

ताई