विसर्जन आणि समर्पण

४ ऑगस्ट, सायंकाळ
दहावी 'अ' चा वर्ग आजपासून स्मार्ट झाला. वर्गातील अडतीस विद्यार्थी पूर्ववत आहेत. भिंतीवरचा काळा फळा काढून तेथे पांढरा फलक बसविण्यात आला. त्यावर खडू उमटत नाही, हे मी प्रयोगाने सिद्ध केले. तेव्हा तंत्रज्ञाने "सर, सर, सर!" असा त्रिवार टाहो फोडला. एक ओरखडा राहिला आहे. यंत्रावरील माझी ही पहिली आणि कदाचित एकमेव वाचनीय ओळ.

प्रत्येक मुलासमोर एकेक टॅब्लेट. त्यावर बटणे. बटणांवर शब्द : 'पाठवा', 'पुसा', 'पुढे', 'मागे'. ही भाषा भाजी चिरताना बोलतात. ज्ञानमंदिरात 'पुसा'? पुसायला ज्ञान म्हणजे काय ओटा आहे?

संकल्प : ही परिभाषा बदलणे. उद्याच.

५ ऑगस्ट
शिक्षकांची सभा. मुख्याध्यापिका बाईंनी वार्ता दिली की, दहावीच्या व्याकरणाचे तयार व्हिडिओ आले आहेत. त्यांत एक बाई शिकवते. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, चौदा सप्टेंबरला टॅब्लेटवर चाचणी घेऊ. वर्गाची सरासरी पन्नास आली तर तास तुमचेच. नाही आली तर व्हिडिओ लावू, तुम्ही साहाय्यक म्हणून बसा."

बावीस वर्षे दहावी 'अ' माझी आहे. एका चलच्चित्रातील स्त्रीशी माझी तुलना! मी केवळ स्मितहास्य केले. शेजारच्या भूगोलाच्या सरांनी नंतर विचारले की, दात दुखतोय का.

बटणांचा विषय काढला. बाई घाईत म्हणाल्या, "शब्दांचं तुम्ही बघा. फक्त मुलांना कळले पाहिजेत." म्हणजे परिभाषा समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. सदस्यही मीच, त्यामुळे मतभेदास वाव नाही.

९ ऑगस्ट
समितीची चौथी बैठक (डायनिंग टेबल). सर्व संज्ञा एकमताने संमत.

पुढे : अग्रे. मागे : पश्चात्. पाठवा : समर्पण. पुसा : विसर्जन. पुसलेले जेथे जाऊन पडते ती 'कचरापेटी' : विस्मृतिकोश. 'नक्की का?' या गावंढळ पृच्छेऐवजी : संकल्प दृढ आहे काय? उत्तरे : अस्ति, नास्ति.

'समर्पण' सुचले तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले. विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका गुरुचरणी समर्पित करतो आहे, हा भाव 'पाठवा'त कुठे? पाठवायचे ते पार्सल.

हिने यादी वाचली आणि विचारले की, 'पुसा'ला काय झालं होतं? सांगितले की, त्यात सौंदर्य नाही. त्यावर ती म्हणाली, "पुसायचं काम तुम्ही कधी केलं असतंत तर कळलं असतं, त्यात सौंदर्य नसतंच." गृहिणींना परिभाषाशास्त्र समजावणे हे समितीच्या कार्यकक्षेबाहेर.

१२ ऑगस्ट
तंत्रज्ञाने शब्द यंत्रात भरले. या गृहस्थास सर्व व्याधींवर एकच औषध ठाऊक आहे : बंद करून चालू करणे. मनात मी त्यास पुनरारंभशास्त्री म्हणतो.

शास्त्रीबुवांनी भरता भरता विचारले, "सर, समर्पण कुणापुढे?" म्हटले, ज्ञानापुढे. तो म्हणाला, "बरं. पण मुलांना एकदा दाखवून घ्या हां. एक दिवस प्रॅक्टिस घ्या, बटणं कुठली काय ते." मी नकार दिला. शब्द स्वयंप्रकाशी असतो. दिवा दाखवायला दुसरा दिवा आणावा लागत नाही. तो म्हणाला, "लाइट गेल्यावर आणतात की." दुर्लक्ष केले.

२१ ऑगस्ट
तत्पुरुष समास घेतला. चाळीस मिनिटे अस्खलित. व्युत्पत्ती, विग्रह, अपवाद, अपवादांचे अपवाद.

शिक्षकाच्या टॅब्लेटवर प्रत्येक मुलाचा एक गोल चेहरा दिसतो. त्याचा रंग बदलतो. माझ्या तासाला अडतीसही चेहरे दहा मिनिटांत रक्तवर्ण झाले. रक्तवर्ण हा ओजाचा, उत्साहाचा वर्ण होय. धन्यता वाटली.

दुपारी पुनरारंभशास्त्रींनी सांगितले की, लाल म्हणजे लक्ष नाही. फलकावरचा कॅमेरा मुलांचे डोळे बघून ठरवतो. म्हणजे ज्या यंत्रास समास कळत नाही, ते समास ऐकणाऱ्याची परीक्षा घेते! कॅमेऱ्यावर रुमाल टाकला. अडतीस चेहरे करडे झाले. करडा हा चिंतनाचा वर्ण.

२२ ऑगस्ट
संकल्प : फलकावर लिहिण्याची ती इलेक्ट्रॉनिक लेखणी आत्मसात करणे. रोज शाळेआधी अर्धा तास.

२३ ऑगस्ट
लेखणी सापडत नाही.

२५ ऑगस्ट
सापडली. खिशात होती. लंगोटीएवढ्या जागेत 'समास' लिहिले, फलकावर 'ममास' उमटले. मुले हसली. त्यांस सांगितले की, यंत्राला 'स' येत नाही. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उठली, लेखणी घेऊन तिने नीट 'समास' लिहिला आणि जागेवर जाऊन बसली. उद्धटपणाचा हा नवा, मूक प्रकार आहे.

५ सप्टेंबर
चाचणीची सिद्धता पूर्ण. मुलांची नव्हे, माझी. प्रश्नपत्रिका पाहून मला स्वतःला दोन ठिकाणी विचार करावा लागला. पन्नास सरासरी? मी पासष्ट गृहीत धरतो. विजयानंतर मुख्याध्यापिका बाईंना कोणत्या शब्दांत क्षमा करायची, याचा मसुदा केला.

१४ सप्टेंबर, सकाळी १०
चाचणी. मी पर्यवेक्षक. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

११.२०
वेळ संपण्याआधीच काही जण 'झाले' म्हणाले. बुद्धीचा वेग! चष्मेवालीने हात वर करून विचारले, "सर, लिहून झालं. आता काय दाबू?" ती वर्गाच्या वतीने विचारते आहे हे उघड होते, कारण सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हणालो, "शब्द वाचा. शब्दच सांगेल." अडतीस बोटे एकदम पुढे सरसावली. चेहरे प्रसन्न. गुरू म्हणून हा क्षण मी जपून ठेवीन.

११.५०
पुनरारंभशास्त्री धावत आले. "सर, एकही पेपर आला नाही." त्यांना बंद करून चालू करण्याचा सल्ला दिला. त्यांनी केले. शून्य. मी म्हटले, तुमच्या यंत्राने गिळले. ते म्हणाले, "यंत्राने नाही सर. सगळ्यांनी विसर्जन केलंय. अस्ति म्हणून."

१५ सप्टेंबर
मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत चौकशी. चार मुले बोलावली.

एकाचे म्हणणे : "सभा विसर्जित होते म्हणजे संपते ना? पेपर संपला, म्हणून विसर्जन." दुसऱ्याचे : "समर्पण गुन्हेगार करतात, पोलिसांपुढे. आम्हाला वाटलं, जमत नाही म्हणून पेपर सोडायचा असेल तर ते." तिसऱ्याने, 'अस्ति' म्हणजे काय, असे विचारता, "चांगलं काहीतरी असणार, सरांनी लिहिलंय म्हणजे," असे उत्तर दिले. या एका मुलात आशा आहे. चष्मेवाली फक्त माझ्याकडे पाहत राहिली. काल तिने मला विचारले होते, हे तिने सांगितले असते तर माझी पंचाईत झाली असती. सांगितले नाही.

बाईंनी तोंडावर फाईल धरली होती. खांदे हलत होते. भावनावेग असावा. मग फाईल खाली ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे. चाचणी रद्द. सर, तुमचे तास आहेत तसे राहू देत, पुढच्या वर्षी बघू. फक्त ते 'पाठवा' आणि 'पुसा' परत लावा."

हा माझा अपमान आहे. दयेचे तास मला नकोत. मुलांनी उत्तरे लिहिली होती! शब्द चुकला असेल, ज्ञान चुकलेले नाही.

१६ सप्टेंबर
पत्र लिहिले, तीन पृष्ठे. सारांश : पुसलेल्या उत्तरपत्रिका विस्मृतिकोशात तीस दिवस राहतात, असे शास्त्रींकडूनच कळले आहे. त्या सर्व पुनरुज्जीवित कराव्यात, तपासाव्यात, आणि त्या निकालावरच माझे भवितव्य ठरवावे. अधोरेखित.

हिने पत्र वाचून कपाळावर हात मारला. "अहो, वाचलात ना? मग गप्प बसा की. सुटलेला माणूस परत जाऊन दार वाजवतो का?" म्हटले, निर्दोष वाजवतो. ती म्हणाली, "आधी त्या पोरांनी काय लिहिलंय ते तरी बघा." त्याची आवश्यकता नाही. पत्र दिले.

बाईंनी ते वाचून विचारले, "सर, खरंच?" म्हटले, अस्ति.

१८ सप्टेंबर
उत्तरपत्रिका पुनरुज्जीवित झाल्या. अडतीसच्या अडतीस. पुनरारंभशास्त्रींना एकदाच म्हणून मान्यता द्यावी लागेल.

सरासरी एकोणतीस.

'तत्पुरुष समास सोदाहरण स्पष्ट करा.' उत्तरे : "तो पुरुष." "जो पुरुष तत्पर असतो तो." "सरांनी चाळीस मिनिटे सांगितला तो." शेवटचे तांत्रिकदृष्ट्या असत्य नाही. मी अर्धा गुण मागितला. नाकारला गेला.

एकीला एक्काहत्तर. चष्मेवाली. आनंदाने तिला बोलावले आणि माझ्या अध्यापनाचा तिला कसा लाभ झाला हे बाईंसमोर सांगायला सांगितले. ती म्हणाली की, ती घरी ते व्हिडिओ बघते. त्या बाईंचे.

एकोणतीसमध्ये एकवीस मिळवले की पन्नासच होतात, हे मी बाईंच्या निदर्शनास आणले. त्यांनी मान्य केले.

२० सप्टेंबर
निर्णय झाला. दहावी 'अ' ला व्हिडिओ. मी साहाय्यक. कर्तव्ये : फलक चालू करणे, मुलांना शांत बसविणे, तासानंतर टॅब्लेट चार्जिंगला लावणे.

साहाय्यक हा शब्द अपुरा आहे. वास्तविक मी त्या चित्रफितीचा पर्यवेक्षक, समीक्षक व प्रसंगी दुरुस्तीकार असणार. तसे मनाशी ठरविले आहे. कागदावर साहाय्यक. सही केली.

'पाठवा' आणि 'पुसा' परत आले. परिभाषा समिती बरखास्त.

२६ सप्टेंबर
पहिला व्हिडिओ तास. मागच्या बाकावर बसलो. वही उघडून ठेवली होती, त्या बाईच्या चुका टिपण्यासाठी. बाई साधी, साध्या साडीत, बोटांनी मोजत बोलणारी. म्हणाली की, दोन शब्द जोडून एक होतो, तेव्हा त्यातला कोणता महत्त्वाचा ते बघायचं. 'घरमालक'. घर भाडं मागायला येतं का? मालक येतो. म्हणजे दुसरा शब्द महत्त्वाचा. हा तत्पुरुष. मुलं हसली.

बारा मिनिटं. वहीत एकही चूक लिहिली गेली नाही.

नंतर मुलं गेली. मी टॅब्लेट चार्जिंगला लावत होतो. चष्मेवाली दप्तर घेऊन परत आली आणि उभी राहिली. विचारलं, काय विसरलं? म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही पण इतके दिवस हेच सांगत होतात का?"

हो म्हटलं.

"मग असं सांगायचं ना," म्हणाली, आणि माझ्या हातातली वायर घेऊन बरोबर जागी लावून गेली.