शिलाई मशीनशेजारचा अभ्यास

अण्णा, मी हे मराठीत लिहिते आहे आणि तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. आपल्या घरात मराठी फक्त बोलायची, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, आणि ही लिपी मला आली ती शाळेतल्या हिंदीच्या तासामुळे. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढा धीर माझ्यात नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, ती आता दहावीत आहे. उद्या तिचा गणिताचा पेपर आहे. ती नापास होणार, हे तिला, मला आणि तिच्या शाळेला, सगळ्यांना माहीत आहे. तोंडावर तेवढं कुणी बोलत नाही.

बेंगळुरात, चामराजपेटेतल्या आपल्या दुकानात तुमच्या मशीनशेजारी एक स्टूल असायचं. शाळेतून आलं की दप्तर खाली ठेवायचं, स्टुलावर बसायचं आणि त्या दिवशी शिकलेलं तुम्हाला आपल्या घरच्या भाषेत सांगायचं, हा तुमचा नियम. तुम्ही चौथी शिकलेले शिंपी, पण अभ्यासाबद्दलची तुमची मतं हेडमास्तरांनाही लाजवतील इतकी ठाम. धडा मोठ्यानं वाच, मग पुस्तक मीट आणि मला सांग. गणित सोडवलंस तर प्रत्येक पायरीला 'का' ते सांग. सांगता येईना झालं की तुम्ही म्हणायचात, "इथं तुटलं म्हण, लाजायचं काय त्यात?" आणि कापड आखायचा निळा खडू माझ्या हातात देऊन त्या ओळीपाशी खूण करायला लावायचात. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्या खुणेपासून. शाळेतल्या बाई वही बघून कपाळाला हात लावायच्या. पण अपूर्णांक मला त्या बाईंकडून कधी कळले नाहीत. तुम्ही टेपवर सव्वा इंच, दीड इंच, पावणेदोन इंच बोटानं दाखवलेत तेव्हा कळले. हळूहळू गल्लीतल्या तीन-चार मुलीही येऊन बसायला लागल्या. आई वैतागायची, "ब्लाउज द्यायचे राहिलेत आणि हे बघा, मास्तर होऊन बसलेत!" तुम्ही मशीन न थांबवता म्हणायचात, "स्वल्प थांब की गं, पोरी सांगतायत."

आठवीत तुम्ही मला इंग्रजी माध्यमात घातलंत, आणि तिथं माझं सगळं बिनसलं. तास कळायचा नाही, विचारायची हिंमत नव्हती, आणि संध्याकाळी वहीचं पान खुणांनी भरून जायचं. बाकीच्या मुली कन्नड शाळेतल्या, त्यांच्या वह्यांत दोन-तीन खुणा, आणि दुकान ज्यांचं त्यांच्याच मुलीची वही निळीनिळी. मला त्यांच्यासमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी बीजगणितातलं काहीच डोक्यात शिरलं नव्हतं, तेव्हा मी सरळ मनाला येईल ते सांगत सुटले. एक्स इकडून तिकडे नेला, कशानं तरी भागला, न अडखळता, मान ताठ ठेवून. तुम्ही मशीन थांबवलं नाहीत. शेवटी कौतुकानं म्हणालात, "भारी कठीण आहे की गं हे, तरी कसं घडाघडा सांगितलंस!" त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी थांबले तरच तुम्ही थांबवता. त्यानंतर दोन वर्षं मी तुम्हाला रोज थापा मारल्या. खडू हातात घेतलाच नाही, आणि तुम्हाला वाटलं मला सगळं यायला लागलं.

दहावीत मी गणितात नापास झाले. निकाल बघून घरी आले तेव्हा आई रडत होती. तुम्ही भर दुपारी दुकान बंद केलंत. जूनचे दिवस, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला, आणि तुम्ही पायरीवर बसून राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "मला इंग्रजी येत नाही, आणि मी तुला रोज खोळंबवून ठेवलं. तुझं नुकसान मी केलं." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून तुमची माफी ऐकून घेतली, अण्णा. माझ्याच चुकीसाठी तुम्ही मागितलेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीतल्या त्या मुलींनाही सांगितलंत, "उद्यापासून येऊ नका, पोरींनो. ट्यूशनला जा, तिथं शिकलेले सर असतात." त्यातली एक मुलगी तासभर दुकानासमोर उभी होती. तिला तुमच्याकडेच शिकायचं होतं. स्टूल तुम्ही वर माळ्यावर टाकलंत, आणि पुढं जन्मभर कुणी अभ्यासाचं काही विचारलं की म्हणायचात, "मला काय विचारता, मी शिंपी." कधी वाटतं, तुम्हाला माझं खोटं तेव्हाच कळलं असेल. पण ते मी स्वतःची समजूत घालते. कळलं असतं तर तुम्ही स्वतःला शिक्षा केल्यासारखे वागला नसतात.

पुरवणी परीक्षेत मी उत्तरं पाठ करून पास झाले, आणि आता बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरमध्ये आकडे भरते. बनशंकरीला घर आहे. मुलगी बालवाडीत असताना तिच्या मिसनी सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, म्हणजे मुलं पुढं जातात. मी आणि नवऱ्यानं ते इमानदारीनं ऐकलं. त्यामुळे तिची मराठी अर्धी, कन्नड रस्त्यापुरतं, आणि इंग्रजी फक्त उत्तरं लिहिण्याचं. दहावीच्या पहिल्याच चाचणीत ती गणितात नापास झाली आणि कन्नडमध्येही, बेंगळुरात जन्मून! मग मी तुमची पद्धत काढली. तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हटलं, मला सांग. ती दोन वाक्यं बोलली की मी तिसऱ्याला तोडायची, कारण मला चूक दिसते. तुम्ही वाट बघू शकत होतात, कारण तुम्हाला येत नव्हतं. मला थोडंफार येतं आणि ते माझ्या पोटात राहत नाही. आठ दिवसांत ती गप्प झाली. एकदा मी म्हटलं, समज मला काहीच येत नाही, सांग. तर म्हणाली, "अम्मा, अ‍ॅक्टिंग नको करू, प्लीज." त्यानंतर आठ महिने आमच्यात जेवलीस का आणि दार लाव, एवढंच बोलणं राहिलं.

आज संध्याकाळी मी चपात्या लाटत होते आणि ती आपणहून आली. वही ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "एक सम सांगू? मधे बोलू नको हं." एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? "सरी, बरं," म्हटलं, "सांग." तिनं त्या मोडक्या मराठीत, हात हलवत, नळ आणि टाकीचं चित्र काढून सांगितलं. "सहा आणि तीन, मिळून नाइन अवर्स, टाकी फुल!" दोन नळ सोडले आणि टाकी एका नळापेक्षाही उशिरा भरली. मला चूक पहिल्याच वाक्यात दिसली होती. तिचा चेहरा इतका खुलला होता, किती दिवसांनी मी तो तसा पाहत होते. मी म्हटलं, "छान." ती चक्क हसली, ओट्यावरची गरम चपाती उचलून तिनं तिथंच उभ्याउभ्या खाल्ली आणि मला शाळेतल्या मैत्रिणींचं काहीबाही सांगत बसली. आता ती बाहेरच्या खोलीत पेन्सिलींना टोकं काढते आहे. पेपर सकाळी साडेदहाला आहे. तिला हाक मारून ते गणित नीट समजावायला दहा मिनिटं पुरतील. मी अजून हाक मारलेली नाही, आणि मारेन असं वाटत नाही.