काडीबाईंच्या बिया

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. हल्ली जमिनीवर पालथं पडायची भीती वाटते, अंगाखाली कोण येईल सांगता येत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे मजेत. नोकरीच्या गावी जाताना तू सांभाळायला दिलेला तो काडीकिडा, म्हणजे आमची काडीबाई, तर आमच्याहून मजेत आहे. दिवसभर वाळक्या काडीसारखं लटकायचं आणि रात्री गुलाबाची पानं खायची. मध्यंतरी तिने कात टाकली आणि टाकलेली कात स्वतःच खाऊन टाकली. हे आईने पाहिलं, तेव्हापासून मी ताटात काही टाकलं की मला काडीबाईचा दाखला मिळतो.

तर झालं असं, की तिच्या पेटीच्या तळाशी मला तपकिरी, गुळगुळीत, डोक्यावर टोपी असलेल्या बिया सापडल्या. आत्या, मी बियाण्यांच्या दुकानात लहानाचा मोठा झालोय. मुळ्याचं आणि कोबीचं बी डोळे झाकून बोटांनी ओळखतो. मी लगेच ठरवलं, हे एखाद्या दुर्मिळ वेलीचं बियाणं! नेमकं त्याच आठवड्यात लग्नाची मागणी घालायला हिच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला जायचं होतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान, आणि ते गुलाबांचे वेडे. (मुलगी द्यायला तयार होतील, कलम देणार नाहीत.) मी त्या बिया पुडीत बांधून ऐटीत त्यांच्या हातावर ठेवल्या. गृहस्थ इतके खूश झाले, की बिया ट्रेमध्ये पेरून तो थेट गुलाबांच्या मधोमध ठेवला आणि लग्नालाही होकार देऊन टाकला.

महिने गेले, कोंब फुटेना. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, "जावईबापू, तुमची वेल उगवली. आणि चालत गेली."

मी धावत गेलो. गुलाबांच्या पानांची चाळणी झालेली आणि प्रत्येक फांदीवर बारीक बारीक काड्या झोके घेत बसलेल्या. लग्न मोडलं असं समजून मी सगळं खरं सांगून टाकलं, की त्या बिया काडीबाईच्या पेटीतल्या, म्हणजे तिची अंडीच असणार. पण सासरेबुवांनी तोवर भिंग डोळ्याला लावलं होतं! त्यांच्या चिमट्यात एका पिल्लाचा पाय तुटला, तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. पुढच्या कातीनंतर तिथे इवलासा नवा पाय दिसला, तेव्हा त्यांनी दुकान बंद ठेवलं. आता गिऱ्हाइकं ताटकळतात आणि हे पायांचे सांधे तपासतात. परवा मला म्हणाले, किड्याचा सांगाडा बाहेर असतो, माणसाचा आत, तुमचा कुठे आहे ते अजून सापडत नाही.

एकच गोष्ट त्यांना पटत नाही. नर कुठे आहे? या जातीत मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यातून मुलीच निघतात, हे पेटी देताना तूच मला सांगितलं होतंस (मला ते अंडी पेरून झाल्यावर आठवलं), तेच मी त्यांना जेवताना सांगितलं. त्यांना वाटतं मी घरी नर दडवून ठेवलाय. दोनदा येऊन कपाटं बघून गेले. तेव्हा त्यांना चार ओळी लिहिशील का?

तुझा भाचा

ता. क. पेटीत पुन्हा बिया पडल्यात. मी हात लावलेला नाही.

ता. क. आणखी एक. सासऱ्यांना नाही लिहिलंस तरी चालेल, ते लग्नाला तयारच आहेत. पण मी नराशिवायचं सांगत होतो तेव्हा ही वाढायची थांबली, म्हणाली, "म्हणजे अगदी गरजच नसते?" आणि तिने विचार करायला वेळ मागितलाय. ही सोय फक्त काडीकिड्यांत असते, एवढं तिला तू स्वतः येऊन समजाव. लवकर ये. काल तिने एक काडीबाई आपल्या खोलीत नेली आहे.