पिशव्यांजवळची बाई

रविवार, १३ एप्रिल

माझं तिकीट रद्द झालं!

मौजनगरीत 'नुसतं बघणाऱ्यांचं' अर्ध्या दराचं तिकीट असायचं, ते बंद. पाण्यात उतरा नाहीतर काठावर बसा, आता सगळ्यांना पूर्ण दर. आमच्या लेकीनं, हर्षालीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. मौजनगरी हे नावही गेलं म्हणे. आता 'मौज वर्ल्ड — कम्प्लीट फॅमिली एक्सपिरियन्स'. हायवेच्या कडेला तीन घसरगुंड्या आणि कान तुटलेला एक सिमेंटचा हत्ती — त्याचं वर्ल्ड झालं!

आठ वर्षं मी ते अर्धं तिकीट काढून आत जातेय. दर मे महिन्यात सटाण्याहून संतोषभाऊजी त्यांची दोन पोरं घेऊन येतात, बरोबर सासूबाई. मग आमचे हे, हर्षाली, भाऊजी आणि पोरं पाण्यात. सासूबाई आणि मी कडुनिंबाखालच्या बाकावर. सासूबाईंचा गुडघा दुखतो म्हणून त्या. आणि मी पिशव्यांसाठी. सगळ्यांचे कपडे, चपला, मोबाइल, भाऊजींचा चष्मा, ह्यांचं घड्याळ. कोणी येऊन "टॉवेल" म्हणतं, कोणी "पाणी", कोणी "फोटो काढ ना". दिवसभर काठावर बसून मी कोरडीच्या कोरडी घरी येते. जाऊबाई आशा तर तिकडे कांदा साठवायच्या चाळीतच राबत असते. ती बाकापर्यंतही पोचलेली नाही.

तर आज हे म्हणाले, "मग तुझं तिकीट काढून काय करायचं? तुला कुठं पाण्यात जायचंय?"

मी मेथी निवडत होते. निवडत राहिले.

मंगळवार, १५ एप्रिल

मला पाण्यात जायचंय. आठ वर्षांत कोणी विचारलं नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

सोमवार, २१ एप्रिल

ह्यांनी 'मौज २०२५' नावाचा ग्रुप काढलाय, ॲडमिन भारत. मलाही घेतलंय त्यात. पहिलाच मेसेज — संध्याकाळच्या जेवणाचं मनीषा बघेल. म्हणजे मी. खाली भाऊजींचा अंगठा.

नवीन सोयींची यादी ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. मनगटाला पट्टा, रेन डान्स, सेल्फी पॉइंट आणि लॉकर! "बघ, आता पिशव्यांचीही काळजी नाही," असं मलाच आनंदानं सांगत होते. म्हणजे माझ्या जागेवर पत्र्याचं कपाट भरती झालं. बरंच आहे. कपाट टॉवेल देताना तोंड वाकडं करत नाही, आणि त्याला डबाही करून द्यावा लागत नाही.

सासूबाईंना मात्र ज्येष्ठ नागरिकाची सवलत आहे, म्हणून त्या जाणार. सगळे जाणार. मी घरी राहून सगळे दमून आल्यावर त्यांना गरम गरम वाढणार. कम्प्लीट फॅमिली एक्सपिरियन्स!

रविवार, २७ एप्रिल

आज बोलले. चहा देताना सरळ म्हटलं, माझं पूर्ण तिकीट काढा, मी पाण्यात येणार आहे.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग ते नेहमीचं — "माझी काही हरकत नाही. पण आईला विचार. तिला चालायचं नाही."

ह्यांचं फार बरं आहे. ह्यांची कशालाच कधी हरकत नसते. मी बीएडला जायचं म्हटलं तेव्हा हरकत नव्हती, फक्त सासऱ्यांना, आप्पांना आवडलं नसतं. ड्रेस घालायला हरकत नव्हती, सोसायटीतल्या बायका काय म्हणतील एवढंच. एवढा उदार माणूस, आणि आजूबाजूला सगळे मेले मागासलेले! काय करणार बिचारा.

पण सासूबाईंना चालायचं नाही, हे मात्र खोटं नाही. पहिल्या वर्षीचं मला लख्ख आठवतं. मुद्दाम गडद निळा कुर्ता-लेगिंग घेतलं होतं, पाण्यातून दिसू नये म्हणून. फाटकातून आत गेलो, हर्षाली माझा हात ओढत होती, आणि सासूबाईंनी दुसरा हात धरला. "तू मनाजोडे बठ." झालं. माझ्याजवळ बस! एका वाक्यात बाईनं मला बाकावर ठोकून बसवलं. पुढच्या वर्षी कोणाला सांगावंही लागलं नाही, मी आपोआप पिशव्या उचलून बाकाकडे गेले. तो कुर्ता पुढे फरशी पुसायला वापरला.

त्यांचा राग मी गिळला असं मला वाटतं, पण गिळला नाही. नाशिकला आल्या की त्यांच्या गुडघ्याला तेल लावते, पण मन लावून नाही. आणि बाकावर बसल्या बसल्या टोमणे मारते ते वेगळंच. "तुमच्या गुडघ्यामुळे माझेही पाय गेले," असं एकदा म्हटलं होतं. त्या शेंगा सोलत राहिल्या.

बुधवार, ३० एप्रिल

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया. सासूबाईंना फोन केला, विचारायचंच म्हणून. त्यांनी आमरस केला का विचारलं. हो म्हटलं. ठेवला फोन. शूर बाई मी!

शुक्रवार, ९ मे

मंडळी आली. दोन पोती कांदा, एक डबा कुरडया आणि सासूबाई.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर विचारलं. हे सोफ्यावर, सासूबाई खाली लसूण सोलत. म्हटलं, आई, मला यंदा पाण्यात जायचंय, तुम्हाला चालेल का? आवाज जरा वरच गेला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाय ना. मी काय तुले बांधी ठेयेल शे का?"

बांधून ठेवलंय का म्हणे! आठ वर्षं बांधून ठेवलं आणि वर विचारतात. पण मी गप्प बसले, न जाणो शब्द फिरवायच्या. ह्यांना मात्र एकदम गाडीच्या टायरमधली हवा बघायची आठवण झाली. चपला शोधत खाली गेले.

शनिवार, १० मे

माझं तिकीट काढलं. पूर्ण!

रविवार, ११ मे

अंग ठणकतंय, डोळे लाल आहेत, नाकात अजून पाणी आहे. तरी लिहिते.

मौज वर्ल्डच्या फाटकावरच पहिला एक्सपिरियन्स मिळाला. वर्दीतल्या एका ताईंनी माझ्या पिशवीत काठी घालून ढवळलं आणि दशम्या बाहेर काढल्या. बाहेरचं खाणं चालत नाही. शेंगदाण्याची चटणीही गेली. आत मिसळ मिळते, ती 'मिसळ बाउल' म्हणून, पावाऐवजी तिकोनी कुरकुरीत चिप्स खोचून. रश्शाचे वेगळे पैसे. नाशिकच्या माणसाला रश्शाचे वेगळे पैसे! भाऊजी तिथेच भांडायला उभे राहिले होते, त्यांना पोरांनी ओढून नेलं.

हत्ती पाडला. त्याच्या जागी द्राक्षांचा घड आलाय — म्हणजे हिरव्या फुग्यांच्या पोशाखात एक माणूस, तो लहान मुलांना मिठ्या मारत फिरतो. भाऊजींचा धाकटा त्याला बघून किंचाळला तो बराच वेळ थांबेना. स्वच्छतागृहाबाहेर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं लावलीत, अनुभव कसा वाटला ते दाबून सांगा. आत नळाला पाणी नव्हतं. वॉटर पार्कात! मी रडका चेहरा चार वेळा दाबला.

कडुनिंब आहे, बाक गेला. तिथे आता लाल छत्र्या, भाड्यानं. म्हणजे यंदा आले नसते तरी बसायला जागा नव्हतीच मला.

आणि ते लॉकर — मशीन बंद! सगळे घोळक्यानं तिथे उभे. तेवढ्यात भाऊजी पोरांना आणि हर्षालीला घेऊन पळाले. सासूबाई आणि मी कपडे बदलायच्या खोलीकडे निघालो. उरले हे. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल, चष्मा घेऊन कडुनिंबाच्या आळ्याच्या कट्ट्यावर. मी मागे वळून बघितलं नाही. नाही, बघितलं. दोनदा बघितलं.

साडीनं पाण्यात जाता येत नाही, ड्रेसनंही नाही, त्यांचाच नायलॉनचा पोशाख भाड्यानं घ्यायचा. मला जांभळा आला. आरशात बघितलं तर भरली वांगी करायच्या आधीचं वांगं. मनात आलं, राहू दे, जाऊ परत. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या — निळ्या पोशाखात, डोक्यावरून पदरासारखा टॉवेल! मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "तिकीट काढेल शे ना?" आणि पुढे चालू लागल्या.

मी मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यानं वर गेले. वर जाऊन कळलं, ती दोघांच्या ट्यूबची आहे, एकटीला सोडत नाहीत. "मॅडम, पार्टनर?" तिथला माणूस विचारतोय. मागे रांग चुळबुळ करतेय. खाली बघितलं आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरला. खालून ह्यांचा आवाज — "उतर खाली, तुला जमायचं नाही!" गळ्यात तीन पिशव्या अडकवलेल्या, तरी आवाज तोच. मला रडू आलं, खरंच आलं. एवढा हट्ट करून मी जिन्यानंच परत उतरणार होते.

उतरायला वळले तर खालून सासूबाई वर येताना दिसल्या. कठड्याला हात न लावता, रांगेतल्या पोरांना बाजूला सारत. मला म्हणाल्या, "सरक. दोन्हीजनी जाऊत."

पुढचं काही धड आठवत नाही. मी सगळी वाट ओरडत होते. अर्धा पार्क पोटात गेला असेल. सासूबाई माझ्या पुढ्यात बसल्या होत्या आणि हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नाही. खाली आपटलो, बुडालो, वर आलो, त्यांचा टॉवेल तिकडे वाहून गेला, पांढरे केस सगळे तोंडावर. म्हणाल्या, आखाजीच्या झोक्यासारखं आहे. लग्नाआधी त्या गावात सगळ्यांत उंच झोका घ्यायच्या, हे मला आज कळलं.

आम्ही परत गेलो. मग परत. गुडघ्याचं नावही नाही! मौज वर्ल्डच्या पाण्यात काहीतरी औषध टाकलेलं दिसतंय, रश्शासारखं त्याचेही वेगळे पैसे लावतील.

जेवायच्या वेळी कट्ट्यापाशी गेले. हे उन्हानं लालबुंद झाले होते. लॉकरचं मशीन तोवर चालूच झालं नव्हतं, भाऊजी "येतोच" म्हणून गेलेले आलेच नव्हते. मला म्हणाले, इथे नुसतं बसून माणसाला किती कंटाळा येतो तुला माहितीये का?

मी हात पुढे केला आणि म्हटलं, "टॉवेल."

दिला.

सोमवार, १२ मे

भाऊजी आणि पोरं सकाळीच गेली. सासूबाई एक दिवस राहिल्या. रात्री गुडघ्याला तेल लावायला बसले, तर नको म्हणाल्या.

मंगळवार, १३ मे

सासूबाईंना स्टँडवर सोडायला गेलो. सटाण्याची गाडी लागली होती. हे पाण्याची बाटली आणायला गेले तेवढ्यात खिडकीतून त्यांनी माझा हात धरला — तोच, तेव्हा धरला होता तसा. "मना गुडघाले काहीच व्हयेल नव्हतं. भारतनी सांगेल व्हतं, तिले पाणीमा जाऊ देऊ नको, बरं दिसत नही."

मला बाकावर एकटीला बसवून स्वतः पाण्यात जाणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून गुडघा. आठ वर्षं, माझे टोमणे ऐकत.

गाडी हलली. हे बाटली घेऊन धावत आले, उशीर झाला होता. आई काय सांगत होती, विचारलं.

म्हटलं, गुडघा बरा झाला म्हणाल्या.