धुतलेला सदरा

आई, आज ती रहस्यकथा पुन्हा वाचून संपवली आणि पुन्हा चिडले. तुझ्यावर थोडी, बरीचशी स्वतःवर. डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू दुपारी तांदूळ निवडायला बसायचीस आणि मी तुला मराठीत करून सांगायचे, तीच ही. अमेरिकेच्या पश्चिमेकडचं वाळवंट, त्यातलं एक ओसाड गाव, गुरांच्या मालकाचा खून, आणि संशय पुतण्यावर, स्वयंपाकिणीवर, कारभाऱ्यावर. मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. घरात इंग्रजी कादंबरी वाचणारी मी एकटी, त्याचा केवढा तोरा होता मला!

चाळिसाव्या पानावर सगळे प्रेताभोवती जमतात. कोण कुठे उभं, कोणाच्या अंगावर काय, असलं वर्णन. मी ते भराभर उरकते आहे, आणि सुपातला तुझा हात थांबतो.

"थांब. कारभाऱ्याचा सदरा स्वच्छ आहे म्हणालीस?"

"हो, मग?"

"अगं, विहिरीनं तळ गाठलाय, स्वयंपाकीण रेतीनं भांडी घासतेय, आणि हा सदरा धुतो? ह्यानंच मारलंय."

तुझं माहेर माणदेशातलं, घागरभर पाण्यासाठी मैलभर चालणारं. ते मला तेव्हा आठवलंच नाही. माझा पारा चढला. "इंग्रजी रहस्यकथा आहे ही, आई. इतकी सोपी नसते," असं मी तुला सुनावलं. तू पुन्हा खडे वेचू लागलीस.

शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह दोन पानं खर्चून तेच सांगतो, जे तू एका दमात सांगितलं होतंस. माझा असा जळफळाट झाला की खून पुतण्याने केला, असं मी तुला ठोकून दिलं.

"मग त्यानं सदरा का धुतला गं?"

"असाच."

"असाच कोण धुतं?"

हा प्रश्न तू सोडला नाहीस. धुणं वाळत घालताना विचारलास, पुढे आजारपणात कॉटवर पडल्या पडल्याही विचारलास, आणि मी दर वेळी वैतागून म्हणाले, "लेखकाची चूक असेल, सोड ना आता."

तू गेल्याला किती वर्षं झाली. पुस्तक अजून तितकंच रंगतं. ती तापलेली वाळू, ते घोडे, तो तिरसट डिटेक्टिव्ह, सगळं आवडतं; फक्त त्या पानाशी आले की माझी मजा जाते. हे पत्र तिथेच घालून ठेवणार आहे. सदऱ्यावर रक्त होतं, आई. तू बरोबर ओळखलं होतंस. आणि तुला सांगण्याआधी मी ते पान मनाशी एकदा वाचलेलं होतं. मला तो सदरा दिसलाही नव्हता.