पंचवीस मीटरवरचा खडक

रवि., १ डिसेंबर
गिरणेचा डोह. स. ७ ते ११. चिलापी चार, वाम एक. आबांचे तीन सुटले. दोष आधी दोऱ्याला, मग गांडुळांना, मग मला. "तू श्वास मोठा लेस, मासाले ऐकू जास." पाचवीत असल्यापासून मी त्यांच्याबरोबर गळाला येते. इतक्या वर्षांत माझ्या श्वासाचं कधी निघालं नव्हतं.
पूर्वी दोऱ्यावर मोरपिसाची बारीक काडी असायची. मासा लागला की ती बुडायची. दिवाळीपासून थर्मोकोलचा तुकडा. आज म्हणाले, पांढरा चमकतो, लाल कर. घरी येऊन नेलपॉलिश लावली. अर्धी बाटली गेली.
आम्हाला दोघांनाही रविवारच मोकळा. आबांची शाळेची व्हॅन: गावातली चौदा मुलं, धरणगावपर्यंत. माझं जळगावच्या कॉलेजचं ग्रंथालय.

गुरु., ५ डिसेंबर
आबांचा गाडी चालवायचा परवाना पुढच्या महिन्यात संपतो. फॉर्म भरला. घरातले सगळे कागद मीच भरते. आबांना सहीपुरतं येतं, मायला तेवढंही नाही. एक प्रश्न असा: पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का? मोठ्याने वाचला. आबा बूट पुसत होते. "लिख, हा."
'होय' लिहिलं. त्यांनी खाली सही केली.
नंतर वाटलं, विचारलं पण तपासलं नाही. पंचवीस मीटर म्हणजे आपल्या काठापासून डोहातल्या काळ्या खडकापर्यंत असेल. अक्षर माझं आहे. फोटो यायचेत म्हणून फॉर्म माझ्या पिशवीतच.

रवि., ८ डिसेंबर
आज पाच, त्यातली एक मरळ. आबा खुशीत. येताना गाणं म्हणत होते.
एक गोष्ट लिहून ठेवते. मला शिंक येणार होती म्हणून मी अंग ताठ केलं, तर आबांनी काठी उचलली. थर्मोकोल हललासुद्धा नव्हता. म्हणाले, "सराव शे." नंतर लक्ष ठेवलं. मान पाण्याकडे, डोक्यावर रुमाल ओढलेला, आणि डोळे माझ्याकडे. मी पुढे झुकले की ते ओढतात.
भास असेल. मला भास पुष्कळ होतात. गॅस बंद केला का हे मी तीनदा बघते.

रवि., १५ डिसेंबर, पौर्णिमा
ठरवून केलं. ठरवून केलं हेच वाईट.
चेहरा हलू द्यायचा नाही असं घरून निघतानाच ठरवलं होतं. थर्मोकोल पहिल्यांदा बुडाला, मी खडकाकडे बघत राहिले. आबा बसून. पुन्हा बुडाला, पार दिसेनासा झाला, दोरा तिरपा धावला. आबा बसून. "आज पानी मुकं शे," म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच.
मग पाणी अगदी शांत असताना मी मुद्दाम पुढे वाकले. आबांनी झटक्यात काठी उचलली. गळाला काही नाही. "मोठा व्हता. सुटना."
मी म्हटलं, हो, मोठा होता.
संध्याकाळी विहारात पंचशील. पहिल्या शीलापाशी, जीव न घेण्याच्या, आबा दरवेळी मला कोपराने ढोसतात, मासे आठवून. आजही ढोसलं. चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाजच निघाला नाही. आबांचा खणखणीत.

शुक्र., २० डिसेंबर
सकाळची बस चुकली. आबा म्हणाले, व्हॅनमध्ये बस, धरणगावहून जा. बऱ्याच महिन्यांनी बसले. पुढच्या सीटवर आठवीतली सानिका, तिच्या बाजूला दाटीवाटीने मी.
पाटाचा पूल ओलांडला आणि आबा ओरडले, "पुढे काय शे?"
मागून सगळी पोरं एकदम: "टॅक्टर!" "डावीकडे!" "म्हैस, काका, म्हैस!" "खड्डा, मोठा!"
जो पहिला ओरडेल त्याला लिमलेटची गोळी. मी पण हसले. सानिका म्हणाली, "ताई, मला काकांनी मुद्दाम पुढे बसवलंय. मी सगळ्यात आधी सांगते ना." मी विचारलं, हा खेळ कधीपासून? म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीनंतर."
पुढे रस्त्यात एक बैलगाडी उभी होती. पोरं गोळीवरून भांडत होती, कोणी बोललंच नाही. सानिका किंचाळली. आबांनी ब्रेक मारला. गाडीतल्या कडब्याची टोकं काचेला लागली.
आबा म्हणाले, "सानिकाले दोन गोया."
दिवसभर ग्रंथालयात चुकीच्या कपाटात पुस्तकं लावली.

रवि., २२ डिसेंबर
डोह. गळ मी टाकला. लाल तुकडा आधीच काढून मुठीत धरला होता.
"आबा, थर्मोकोल कुठे आहे?"
पाण्यावर उन्हाची तिरीप होती तिकडे बोट केलं. "हाई का तठे."
मी मूठ उघडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला.
तुकडा माझ्या मांडीवर टाकला. मग, "तुले शाळा शिकाडी, ती बापनी परीक्षा लेवाकरता?"
मी रडले. ते रागावलेलेच. म्हणाले, डोयावर जायं उनं शे, इतलंच. सकायले धुकं पडस तसं. वीस वरीस व्हयनात, एक ओरखडा नही. त्या पोरे मन्हा शेतस, मी त्यासले लागू दिसू का?
मी बैलगाडी म्हटलं. तेव्हा रुमाल डोळ्यांवर ओढला.
डॉक्टरचं काढलं तर म्हणाले, "मन्ही मायना डोया ऑपरेशनमाच गया." मला हे माहीत होतं. आजी त्यानंतर सहा वर्षं भिंत धरून चालली. पण आबा घाबरतात हे माहीत नव्हतं. आबा कशाला घाबरतात असं कधी वाटलंच नव्हतं.
फॉर्म पिशवीतून काढून त्यांच्यासमोर फाडला. डोहात टाकणार होते, पण कागद पाण्यात टाकायचा नाही हे आबांनीच शिकवलंय. घरी आणला.

शनि., २८ डिसेंबर
बुधवारी नाताळची सुट्टी. बाकी सगळे दिवस पुढच्या सीटवर मी. सानिका रुसली. मीच ओरडले: खड्डा. एस.टी. म्हातारी डावीकडून. गोळ्या सगळ्या मला. आबा सोमवारी म्हणाले, "तू शे तवलोंग काय चिंता?" आणि मग समजलं मी काय करून बसले. मी बसते म्हणून ते चालवतात. आता खेळात मी पण आहे, आणि हे चुकून नाही, कळून.
धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली, ११ वा. शेजारचे भिकनभाऊ मालवाहू रिक्षा चालवतात, व्हॅनचाही परवाना आहे. ते मुलं नेतील, विचारून घेतलं. ग्रंथालयात रजा टाकली.
आबांना संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, सोमवारी तुम्ही व्हॅन काढली तर मी सगळ्या घरी जाऊन सांगेन. जेवत होते. भाकरी मोडली, खाल्ली, ताट धुतलं. 
माय मला बाजूला घेऊन: "घर बठीसन तो काय करी? तूच सांग." मी ताटं मांडणीवर लावत राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी पन देखी ऱ्हायनू. चहानी कपबशी धरतांना हात दोनदा चुकना." म्हणजे मायलाही माहीत होतं.

रवि., २९ डिसेंबर
वाटलं आबा येणार नाहीत. साडेसहाला गांडुळांचा डबा घेऊन दाराशी उभे.
मी आज काठी घेतली नाही, थर्मोकोलही नाही. दोरा सरळ पाण्यात सोडला आणि दुसरं टोक त्यांच्या तर्जनीवरून घेतलं. ते म्हणाले, लहानपणी ते असंच धरायचे, काठी नंतर आली. डोळे मिटून बसले. मी त्यांच्यापासून दूर, पाठीमागे बसले. चेहरा दिसू नये म्हणून.
अर्ध्या तासाने बोट वाकलं. ओढलं नाही, थांबले, दोरा दिला, पुन्हा थांबले. मग आणला. रोहू, दीड किलोच्या खाली नाही. इतका मोठा गेल्या वर्षापासून नाही. तोंड केवढं उजळलं होतं. "देखं? डोया कशाले लागस?"
आणि लगेच मान खाली घालून दोरा गुंडाळू लागले. व्हॅन बोटाने चालत नाही हे मी म्हटलं नाही. दोघांनाही ऐकू आलं.
रोहूचं पोट फुगलेलं होतं. अंड्यांचा मासा आम्ही सोडून देतो. अंडी या दिवसांत नसतात, पण मला खात्री नव्हती. आबांनी हात फिरवला, म्हणाले, खाल्लंय नुसतं, ठेव. त्यांच्या हातावर विश्वास ठेवला.
दुपारी नेहमीसारखी व्हॅन धुतली. समोरची काच आतून, बाहेरून. "चकाचक ना?" ड्रायव्हरच्या बाजूला चिखलाचा वीतभर पट्टा राहिला होता. म्हटलं, नाही आबा, राहिलाय. फडकं माझ्याकडे दिलं आणि आत गेले.
उद्याचं काही बोलले नाहीत. किल्ली खिळ्याला आहे. दोनदा बघितली.

सोम., ३० डिसेंबर, स. ६:२५
किल्ली खिळ्याला नाही.
व्हॅनमध्ये सानिकाच्या जागेवर येऊन बसले आहे. मांडीवर ही वही. पिशवीत धुळ्याची चिठ्ठी, दोन पाण्याच्या बाटल्या, आबांची टोपी. भिकनभाऊ आले. "आबा म्हणतीन तसं," एवढंच बोलले आणि पुढे जाऊन उभे राहिले. मुलं पंधरा मिनिटांनी चौकात जमतील.

६:४०
आबा आले. इस्त्रीचा शर्ट. धुळ्यासाठी घातला की शाळेसाठी, कळत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किल्ली हातात. काचेतून बराच वेळ बाहेर बघितलं. मग हळूच विचारलं,
"पुढे काय शे, माय?"
समोर भिकनभाऊ आहेत. दहा पावलांवर, कमरेवर हात ठेवून, आमच्याकडे बघत.
मी उत्तर दिलेलं नाही. आबांनी मान वळवली आहे, माझा चेहरा बघताहेत. मी वहीतून डोकं वर करत नाही. चेहरा हलू दिला नाही. किल्ली अजून त्यांच्या हातात, लावलेली नाही. बाहेर सानिकाचा आवाज आला. वही मिटते.